मंगळवारच्या विमानातली जागा

मालवाहतुकीच्या धंद्यात मी काही ठरवून आले नाही. पदवी हातात घेऊन आठ महिने घरी बसले होते. बाबा शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचे. संध्याकाळी कामावरून आले की चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "आज काय?" त्या दोन शब्दांचा मी धसका घेतला होता. मग एक दिवस त्यांनीच बातमी आणली. त्यांच्या शीतगृहात ज्या कंपनीमार्फत माल यायचा, तिथे कागदपत्रांच्या कामाला मुलगी हवी होती.

"बसून काम आहे," बाबा म्हणाले.

फोर्कलिफ्टवर आयुष्यभर बसूनच काम केलेल्या माणसाने हे सांगावं, याचं मला हसू आलं. पण त्यांना काय म्हणायचंय ते कळत होतं. टेबल, खुर्ची, आणि हिवाने न आखडलेली बोटं.

ऑफिस टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कायम रबराचा वास. मालकांना सगळे कप्तान म्हणायचे. ते जन्मात कधी जहाजावर चढलेले नव्हते, बोट लागते म्हणायचे. पण भिंतीवर जगाचा नकाशा आणि अंगावर पांढरा शर्ट, एवढ्यावर ते नाव त्यांना चिकटलं होतं. मुलाखत म्हणून त्यांनी माझ्यापुढे एक भरलेला फॉर्म टाकला. "यातल्या चुका काढ." मी तीन काढल्या. ते म्हणाले, "पाच आहेत. उरलेल्या दोन सोमवारपासून इथे बसून शोध." अशी मला नोकरी लागली.

हा धंदा काय, ते घरी समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. आईला वाटायचं आमची विमानं आहेत. विमान आमचं नाही, जहाज आमचं नाही, ट्रकसुद्धा आमचा नाही. आमचे फक्त फोन आणि कागद. कुणाच्या तरी मालासाठी कुणाच्या तरी विमानात जागा मिळवायची, आणि तो माल दोन्हीकडच्या सरकारी दारांतून सुखरूप बाहेर काढायचा. "म्हणजे दलाली," आई म्हणाली. बाबांनी तिच्याकडे रागाने बघितलं.

विमानतळावरचं काम मामा बघायचे. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण कार्गो विभागातला प्रत्येक जण त्यांचा भाचा होता. तीस वर्षं तिथे खेटे घालून त्यांना कुठल्या खिडकीवरचा माणूस कधी जेवतो आणि कधी चिडतो, हे पाठ झालेलं. पहिल्याच महिन्यात मी चौदा बाथटब भलत्याच खंडात पाठवायला निघाले होते. एकाच नावाची दोन शहरं, कोडमध्ये एका अक्षराचा फरक. वजनकाट्यावर मामांच्या लक्षात आलं. त्यांनी फोन केला. "पोरी, हे बाथटब उरलेला प्रवास पोहत करणार आहेत का?" मी रडकुंडीला आले. त्यांनी ते प्रकरण कप्तानांपर्यंत जाऊ दिलं नाही. दुपारी परत आल्यावर माझ्यासमोर बसून त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, "कागदावर नाव वाचायचं नाही. कोड वाचायचा. आणि कोड वाचून झाला की माल कोणाचा आहे ते एकदा डोळ्यांसमोर आणायचं. मग चूक होत नाही."

तीन वर्षांत मी तयार झाले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरंच झाले. हवाई मालाचं टेबल माझ्याकडे आलं. एअरलाइनचे लोक मला आवाजावरून ओळखू लागले. एक दिवस कप्तान म्हणाले, "दुसऱ्यांनी आणलेल्या गिऱ्हाइकांचे कागद किती दिवस करशील? स्वतःचं गिऱ्हाईक आण. त्याशिवाय या धंद्यात माणूस मोठा होत नाही."

मी हॅचरीच्या मागे लागले. शहराबाहेर एक मोठी हॅचरी होती. एका दिवसाची कोंबडीची पिल्लं खोक्यांतून परदेशी पाठवायची. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय काढतं. तेवढ्यात ते पोहोचलं पाहिजे. म्हणून त्यांना दर आठवड्याला, ठरल्या दिवशी, न चुकता जागा लागायची. असं गिऱ्हाईक एकदा मिळालं की वर्षानुवर्षं टिकतं. हॅचरीच्या मालकीणबाईंना आमच्या ऑफिसात सगळे पिल्लंवाल्या बाई म्हणायचे. सहा महिने मी त्यांना फोन करत होते, आणि सहा महिने त्या एकच शब्द बोलत होत्या, "बघू."

त्या सुमाराला बेकरीवाला आमच्याकडे आला.

शुक्रवारची सकाळ होती. माझ्याच वयाचा, अंगाने किरकोळ, बाह्यांवर पिठाचे डाग. हातात केकचं पांढरं खोकं होतं. मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे. त्याने खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि उघडलं, तर आत कागद. पासपोर्ट, इस्पितळाची चिठ्ठी, पोलिसांचा पंचनामा. आदल्या दिवशी त्याचा मोठा भाऊ कामावर परांचीवरून पडून गेला होता. दोघे भाऊ कामासाठी या देशात आलेले, थोरला इमारती रंगवायचा, धाकटा बेकरीत. आता थोरल्याला घरी न्यायचं होतं.

"मॅडम, मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते करतो. फक्त लवकर. आई वाट बघतेय."

शव विमानाने पाठवायचं काम आमच्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा यायचं. बाकीच्या मालापेक्षा कागद थोडे जास्त, एवढंच. मृत्यूचा दाखला, पोलिसांचं ना-हरकत पत्र, शव जतन केल्याचं प्रमाणपत्र, पेटी सील केल्याचं प्रमाणपत्र, त्यांच्या वकिलातीचं पत्र. मी त्याला एका कागदावर यादी लिहून दिली, कुठे जायचं, कुणाला भेटायचं, काय मागायचं. तो ती यादी घेऊन पळाला. मला अजून आठवतं, तो खरोखर पळत गेला. दोन जागी मी त्याच्याबरोबर गेले. वकिलातीत मात्र तो एकटा गेला, कारण तिथे फक्त नातेवाइकालाच आत सोडायचे. प्रत्येक कागद मिळाला की तो खोक्यात ठेवायचा आणि झाकण लावून त्यावर हात ठेवायचा.

त्यांच्या गावाजवळच्या विमानतळावर आठवड्यातून दोनच थेट प्रवासी विमानं जायची, मंगळवारी आणि शनिवारी. छोटं विमान. मी मंगळवारची जागा घेतली. सोमवारी संध्याकाळी सगळे कागद पुरे झाले. त्याच विमानाचं त्याचंही तिकीट होतं. जाताना तो म्हणाला, "गावी कळवलंय. बुधवारी सगळे जमणार आहेत. ताई पण येतेय, लांबून. तिला दोनच दिवसांची रजा मिळालीय." आणि मग थोडं थांबून, "आईला एकदा तोंड बघायचंय त्याचं. तेवढं झालं की पुरे."

मी म्हणाले, "काळजी करू नका."

मंगळवारी सकाळी नऊला पिल्लंवाल्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला होता. त्यांचं नेहमीचं मालवाहू विमान बिघाडामुळे रद्द झालं होतं. आठ हजार पिल्लं खोक्यांत भरून तयार होती. जायची होती नेमकी त्याच दिशेला, त्याच विमानतळावर. "मंगळवारच्या विमानात तुझी जागा असते ना?" त्या म्हणाल्या. "आज माझी पिल्लं गेली, तर पुढचं वर्षभराचं काम तुझं. नाही गेली, तर मला फोन करत जाऊ नकोस."

त्या विमानात मालाचा एकच कप्पा होता, हवा आणि उष्णता असलेला. जिवंत प्राणी आणि शव त्या कप्प्यात एकत्र ठेवत नाहीत, एअरलाइनचा नियम. म्हणजे एक तर पिल्लं, नाही तर पेटी.

मी कप्तानांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं. नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टेबल तुझं आहे. गिऱ्हाईकही तुझं. तू ठरव." जरा वेळाने, मी दारापाशी पोचल्यावर, त्यांनी जोडलं, "पिल्लं थांबू शकत नाहीत. एवढंच आहे."

ते खरं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पिल्लं थांबली असती तर आठ हजार जीव खोक्यांत मेले असते. आणि मेलेला माणूस थांबू शकतो, हे मी मनातल्या मनात म्हटलं, आणि मला ते अगदी पटलं.

मामांना फोन केला. ते विमानतळावर होते, पेटी नुकतीच तिथे पोचली होती. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "ठीक. पण ऐक. संध्याकाळी सहाला दुसऱ्या एअरलाइनचं विमान आहे, जिवंत माल ते घेत नाहीत, पण पेटी घेतील, मध्ये एकदा बदलावं लागतं. उद्या दुपारपर्यंत पेटी तिथे पोचेल. एअरवे बिलाची पावती नव्याने करावी लागेल, त्यांच्या ऑफिसात जाऊन हातापाया पडावं लागेल. दुपार जाईल तुझी. पण होईल. मी आहे इथे."

"बघते," मी म्हणाले.

दुपारी दोनला हॅचरीत भेट ठरली होती. पिल्लंवाल्या बाईंनी सकाळच्या फोनवरच सांगितलं होतं, पिल्लं विमानतळाकडे निघताना समोर ये, वर्षाच्या करारावर बोलू. दोन्ही होणं शक्य नव्हतं. मी दुसऱ्या कुणाला त्या एअरलाइनच्या ऑफिसात पाठवू शकत होते का? शकत होते. समोरच्या टेबलावरची मुलगी मोकळी होती. पण तिला सगळं समजावायचं, कागद द्यायचे, मग ती काही चुकेल, मग मला परत यावं लागेल. मी मनाशी म्हटलं, शनिवार काही लांब नाही. चार दिवस. पेटी सील केलेली आहे, शीतकक्षात राहील. कुणाचं काही बिघडत नाही.

मग बेकरीवाल्याला फोन करायचा होता. तो सामान बांधून विमानतळाकडे निघालेला होता. खरं सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, का? आमची जागा आधी घेतली होती ना? त्याचं खोकं माझ्या डोळ्यांसमोर होतं. वकिलातीचं पत्र दोन पानांचं होतं, शिक्का पहिल्या पानावर होता. दुसऱ्या पानावर लागत नाही. हे मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं.

"एक अडचण आलीय," मी म्हणाले. "वकिलातीच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर शिक्का नाहीये. एअरलाइनने पेटी घेतली नाही."

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मग तो म्हणाला, "दुसऱ्या पानावर?"

"हो."

"मी बघितलं होतं मॅडम. पण मला वाटलं एकच पुरतो. मी त्यांना विचारायला हवं होतं. तिथे रांग होती, मागचा माणूस घाई करत होता..." त्याचा आवाज बारीक होत गेला. "माझंच चुकलं."

मी म्हणायला हवं होतं, नाही, तुमचं नाही. निदान तेवढं. मी म्हणाले, "होतं असं कधी कधी. शनिवारच्या विमानाने नक्की पाठवते. तुमचं तिकीटही बदलून देते."

"थँक्यू मॅडम," तो म्हणाला.

पिल्लं गेली. हॅचरीच्या अंगणात उभी राहून मी खोकी गाडीत चढताना बघितली. भोकांतून पिवळी डोकी दिसत होती, आणि एवढी चिवचिव की बाईंना माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं. वर्षाचा करार झाला. कप्तानांनी ऑफिसात सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. संध्याकाळी मी घरी सांगितल्यावर बाबा उठून उभे राहिले. का ते त्यांनाही कळलं नसावं. उभे राहिले, आणि मग परत बसले.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास बेकरीवाला धापा टाकत जिना चढून आला. केकच्या खोक्यातून त्याने पत्र काढलं. दुसऱ्या पानावर ओला, ताजा शिक्का होता.

"तिथला माणूस म्हणत होता, याची गरजच नाही," तो म्हणाला. "मी म्हटलं, तुम्हाला नसेल, एअरलाइनला आहे. हात जोडले त्याच्यापुढे. दिला शेवटी."

मी ते पत्र घेतलं. "छान झालं," म्हणाले, आणि फाइलमध्ये लावून ठेवलं. मामा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्या दिवशी ते जेवायला माझ्यासमोर बसले नाहीत. नंतर कधी परत बसू लागले, मला आठवत नाही. दीड वर्षाने ते निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले.

शनिवारी पेटी गेली, बेकरीवालाही गेला. पुढच्या आठवड्यात त्याने एक निरोप पाठवला. पोहोचलो, तुम्ही फार केलंत, आभारी आहे. मी तो वाचला आणि पुढच्या कामाला लागले. खरं सांगते, मला हलकं वाटलं. झालं ना शेवटी सगळं नीट.

त्यानंतर सात वर्षं मी वर वर चढत गेले. हॅचरीमागून फुलं पाठवणारे आले, मग औषधांचे कारखाने. पिल्लंवाल्या बाई जिथे जातील तिथे माझं नाव घ्यायच्या, "शब्दाची पक्की मुलगी आहे." हवाई विभाग पूर्ण माझ्या हाताखाली आला. टायरच्या दुकानावरून आम्ही काचेच्या इमारतीत गेलो. बाबांनी फोर्कलिफ्ट सोडली, तीही मी आग्रह केला म्हणून. बेकरीवाल्याची आठवण यायची, नाही असं नाही. वकिलातीचं पत्र हातात आलं की यायची. पण आठवण आली की मी पान उलटायचे.

मग एक दिवस स्वागतकक्षातून फोन आला, कुणी तरी तुम्हालाच भेटायचं म्हणतंय. तो होता. अंगाने भरला होता, कानांपाशी केस पांढरे झाले होते. यावेळी बाह्यांवर पीठ नव्हतं, नीट इस्त्रीचा शर्ट होता.

"ओळखलंत?" तो म्हणाला. "मी कायमचा परत चाललोय. गावात स्वतःची बेकरी टाकतोय. एक भट्टी आणि पीठ मळायचं यंत्र पाठवायचंय. दोन-तीन कंपन्यांनी विचारलं, पण मी म्हटलं, तुमच्याकडेच जायचं. त्या वेळी तुम्ही जेवढं केलंत तेवढं कुणी करत नाही."

मी चहा मागवला. यंत्राची मापं लिहून घेऊ लागले. लांबी, रुंदी, वजन. बोलता बोलता मी विचारलं, जसं विचारतात तसं, "घरी कसे आहेत सगळे? आई?"

"आई गेली गेल्या वर्षी."

"अरेरे."

"म्हातारी झाली होती." त्याने चहाचा कप फिरवला. "माझ्याशी फारसं बोलायची नाही शेवटी शेवटी. म्हणजे तेव्हापासूनच. मी सुट्टीत जायचो, जेवायला वाढायची, अंथरूण घालायची. बोलायची नाही. त्या वेळी काय झालं, शनिवारी पेटी पोचली तोवर दिवस जास्त झाले होते. तिथल्या आरोग्य खात्याचा नियम आहे, आठ दिवसांच्या वर गेले की पेटी उघडू देत नाहीत. मंगळवारी गेली असती तर उघडली असती. तिला तोंड बघता आलं नाही. ताईही परत गेली होती तोवर, तिची रजा संपली." तो जरासा हसला, जसं माणूस स्वतःच्या वेंधळेपणावर हसतो तसं. "आई ताईला म्हणायची, थोरला असता तर त्याने दोन्ही पानं बघितली असती. बरोबरच होतं तिचं. तो फार बारकाईने करायचा सगळं."

मी पेन खाली ठेवलं. आठ दिवसांचा तो नियम मला माहीत नव्हता. माहीत करून घेणं हे माझं काम होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

मला वाटलं होतं, कधी तरी सांगायची वेळ आली तर शब्द जुळवावे लागतील. एकही जुळवला नाही. "त्या पत्रावर दुसऱ्या शिक्क्याची गरज नव्हती," मी म्हणाले. "तुमचे कागद पूर्ण होते. एअरलाइनने पेटी नाकारली नव्हती. मीच काढली. त्या विमानात मला दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिल्लं पाठवायची होती. कोंबडीची. त्याच संध्याकाळी दुसऱ्या विमानाने पेटी पाठवता आली असती, तेही मी केलं नाही. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. लांबलचक हिशेब ऐकताना माणूस मध्येच कुठे तरी हरवतो, तसा. मला वाटतं, आधी त्याला नीट कळलंच नाही. मी परत सांगितलं. मग तो खिडकीकडे बघू लागला.

तिकडे बघतच त्याने विचारलं, "पिल्लं पोचली?"

"हो."

"सगळी?"

"वाटेत तीस-चाळीस गेली असतील. बाकी पोचली."

"बरं," तो म्हणाला. टोमणा म्हणून म्हणाला नाही. माहिती ऐकून घ्यावी तसा. मग कप बशीत ठेवला.

"मी तिच्यापुढे किती वेळा म्हटलं असेल, आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "सहा वर्षं, मॅडम. मी माझीच चूक म्हणून माफी मागत होतो. ती देत नव्हती, आणि मला तेही बरोबर वाटायचं."

मी म्हणाले, "मला माफ करा." शब्द तोंडातून पडताच ते किती छोटे आहेत ते मला ऐकू आलं.

त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मग म्हणाला, "हे लिहून द्याल?"

"काय?"

"आत्ता जे बोललात ते. ताईला दाखवीन. काकांना दाखवीन. घरात सगळ्यांना तेच माहीत आहे, माझ्यामुळे झालं. मी नुसतं सांगितलं तर म्हणतील, आता आई गेल्यावर गोष्टी रचतोय."

आमच्या धंद्यात चूक कागदावर कबूल करत नाहीत. फोनवर दिलगिरी, समोरासमोर दिलगिरी, पण कागदावर "चौकशी चालू आहे" याच्यापुढे अक्षर नाही. नव्या मुलांना मी स्वतः हे शिकवते. एका ओळीच्या कबुलीपायी कंपन्या कोर्टात उभ्या राहिलेल्या मी बघितल्या आहेत. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, आणि मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही. ही दोन मिनिटं त्याने बघितली. तेवढीही त्याला दिसायला नको होती, असं मला आता वाटतं.

मग मी कंपनीच्या नावाच्या कागदावर लिहिलं. तारीख, विमानाचा क्रमांक, एअरवे बिलाचा क्रमांक. मंगळवारी पेटी न जाण्यात मृताच्या भावाची कोणतीही चूक नव्हती. त्याचे कागद पूर्ण होते. निर्णय माझा होता, आणि त्याला दिलेलं कारण खोटं होतं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. त्याने तो कागद दोनदा वाचला, ओठ हलवत. मग चार घड्या न घालता सरळ ठेवता यावा म्हणून पुठ्ठ्याचं पाकीट मागितलं. मी दिलं.

यंत्रांची मापं लिहिलेला कागद टेबलावर तसाच होता. मी म्हणाले, "तुमची भट्टी मी पाठवते. दारापर्यंत. सगळं मी बघीन, तुम्हाला काही..."

"नको," तो म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. "मी दुसरीकडे बघतो." आणि त्याने तो मापांचा कागदही उचलून घेतला.

मी लिफ्टपर्यंत गेले. तो जिन्याने उतरला.

दुसऱ्या दिवशी मी कप्तानांना सांगितलं. ते आता थकले होते, आठवड्यातून दोनदाच यायचे. ते पत्राच्या प्रतीवरून नजर फिरवून म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच विचारायला हवं होतंस." त्यांनी चष्मा काढला. "मी त्या दिवशी म्हटलं होतं, पिल्लं थांबू शकत नाहीत. म्हटलं होतं ना?"

"म्हणाला होतात."

"मग माझंही नाव घालायचंस त्यात." पण हे त्यांनी दारात उभं राहून, माझ्याकडे पाठ करून म्हटलं, आणि तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

मी मामांचा नंबर शोधला. त्यांच्या मुलाने फोन उचलला. मामा आता माणसं ओळखत नव्हते. तरी त्यांच्या कानाशी फोन धरायला लावून मी सगळं सांगितलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मुलगा म्हणाला, "ऐकतायत ते, पण बोलणार नाहीत." मी म्हणाले, "चालेल."

पावणेतीन महिन्यांनी, एका सकाळी, परदेशातून फोन आला. बाईचा आवाज होता, दमलेला, नोकरी करणाऱ्या बाईचा. मागे कुठे तरी कपडे धुण्याचं यंत्र फिरत होतं. तिने आपण कोण ते सांगितलं. ती त्या दोघांची ताई होती.

"माझ्या हातात तुमचं पत्र आहे," ती म्हणाली. "धाकट्याने पाठवलंय. खरं आहे हे?"

"हो. खरं आहे."

"त्याने तुम्हाला लिहायला लावलं नाही ना? दबाव टाकून?"

"नाही. जे झालं तेच लिहिलंय."

तिने ते यंत्र बंद केलं.

"आईच्या शेवटच्या आठवड्यात तो आला होता," ती म्हणाली. "तिच्या पायथ्याशी बसून असायचा. मी तिला म्हटलं, बोल गं त्याच्याशी, लहान आहे तो. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि मीही मनात म्हटलं, बरोबरच आहे. मीही म्हटलं, कळतंय ना तुम्हाला? मी पण."

"कळतंय," मी म्हणाले.

"त्याची भट्टी पोचली," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात सुरू करतोय." मला हे का सांगितलं ते तिलाही कळलं नसावं. मग तिने फोन ठेवला.

त्या दिवशी अकराला फुलांच्या गिऱ्हाइकाबरोबर बैठक होती. मी वेळेवर गेले, बोलले, काम मिळवलं. संध्याकाळी घरी पोचले तर बाबा दार उघडून म्हणाले, "आज काय?" मी चपला काढल्या आणि म्हणाले, "काही नाही, बाबा. रोजचंच."